पाचगणी ते 'बार्सिलोना'

८ ऑक्टोबर १९८८ ची रात्र. स्पेनमधील बार्सिलोना शहरात माँज्विक टेकडीच्या पायथ्याशी मोठा जनसमुदाय जमला होता. सोलचे ऑलिंपिक नुकतेच संपले होते आणि पुढील यजमान या नात्याने बार्सिलोनाकडे ऑलिंपिकचा ध्वज आला होता. त्याच्या स्वागताच्या सोहळ्याला स्पेनचे राजे आणि राणी उपस्थित होते. कार्यक्रमाच्या अखेरीस दोन कलावंत रंगमंचावर आले. एक होत्या ५५ वर्षांच्या मॉन्सेरात काबाये. त्या याच शहरात जन्मलेल्या आणि जगभरच्या ऑपेरागृहांत गाजलेल्या गायिका होत्या. दुसरा होता ४२ वर्षांचा फ्रेडी मर्क्युरी, 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा प्रमुख गायक. दोघांनी तीन गाणी सादर केली आणि शेवटच्या 'बार्सिलोना'ला प्रचंड टाळ्या पडल्या. फ्रेडीला रंगमंचावरून गाणी सादर करताना प्रेक्षकांनी पाहिले ते ही शेवटचीच वेळ, याची मात्र त्या गर्दीत फार थोड्यांना कल्पना असावी.

त्या रात्रीच्या आणखी दोन गोष्टी फारशा सांगितल्या जात नाहीत. एक म्हणजे त्या दोघांपैकी कोणीही त्या वेळी प्रत्यक्ष गात नव्हते. आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांवर ते ओठ हलवत होते. दुसरी गोष्ट अशी की त्या ध्वनिमुद्रणात भव्य वाद्यवृंदासारखे जे वाजत होते, त्यातील बराचसा भाग वाद्यवृंदाचा नव्हताच. तो सिंथेसायझरच्या पट्ट्यांवरून उमटलेला होता. दोनच दिवसांनी, १० ऑक्टोबर रोजी, 'बार्सिलोना' हा फ्रेडीचा दुसरा आणि त्याच्या हयातीतील अखेरचा स्वतंत्र अल्बम बाजारात आला. २०१८ मध्ये आलेला त्याच्यावरील गाजलेला चित्रपट १९८५ च्या 'लाइव्ह एड' मैफलीपाशी थांबतो. त्यामुळे नव्या पिढीला ठाऊक झालेल्या फ्रेडीच्या आयुष्यात हा अध्याय येतच नाही. वास्तविक, त्याच्या संगीताची बरीचशी धडपड या अल्बमात एकत्र आलेली दिसते.

फ्रेडीचे मूळ नाव फारुख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील बोमी बलसारा तेथील ब्रिटिश प्रशासनात न्यायालयाचे रोखपाल होते. कुटुंबाची मुळे गुजरातेतली. मुलाला उत्तम शिक्षण मिळावे म्हणून आई-वडिलांनी त्याला आठव्या-नवव्या वर्षीच समुद्रमार्गे मुंबईला आणि तेथून सह्याद्रीच्या माथ्यावरील पाचगणीला धाडले. सेंट पीटर्स ही तेथील निवासी शाळा इंग्रजी वळणाची होती. घरापासून हजारो मैलांवर राहणाऱ्या या लाजाळू, पुढचे दात किंचित बाहेर आलेल्या मुलाला वर्गमित्र 'फ्रेडी' म्हणू लागले आणि तेच नाव त्याला कायमचे चिकटले.

मुलाचा संगीताकडील ओढा मुख्याध्यापकांच्या लक्षात आला. थोडी जादा फी भरून त्याला पियानो शिकवावा, असे त्यांनी पालकांना कळवले. बोमी आणि जेर बलसारा यांनी ते मान्य केले. फ्रेडीने पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा दिल्या आणि शाळेच्या गायकवृंदातही तो गाऊ लागला. १९५८ च्या सुमारास त्याने चार मित्रांसह 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. एल्व्हिस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ही मुले शाळेच्या समारंभांत वाजवत. विशेष म्हणजे या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता. तो पियानोवर बसे. आधी स्वरपट्टीशी नाते जुळले, गळ्याची ओळख नंतर झाली. पुढे 'बार्सिलोना' घडताना हे पियानोशी असलेले नाते त्याच्या कामी येणार होते.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६४ मध्ये, तेथे रक्तरंजित क्रांती झाली. हजारो अरब आणि भारतीय वंशाच्या लोकांवर संकट कोसळले. बलसारा कुटुंबाने जमेल तेवढे सामान घेऊन इंग्लंड गाठले आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळील फेल्टम या उपनगरात आसरा घेतला. फ्रेडीने काही काळ विमानतळावर सामान हलवण्याचे काम केले. ईलिंगच्या कला महाविद्यालयातून १९६९ मध्ये त्याने ग्राफिक आर्टची पदविका मिळवली, केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले आणि लहानसहान बँडमधून गाऊन पाहिले. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांच्याबरोबर तो आला. बँडला 'क्वीन' हे नाव त्यानेच सुचवले. चौघांच्या राशींची चिन्हे गुंफून बँडचे मानचिन्हही त्यानेच रेखाटले आणि स्वतःचे आडनाव बदलून 'मर्क्युरी' केले. १९७१ मध्ये बेसवादक जॉन डीकन आल्यावर ही चौकडी पूर्ण झाली.

'क्वीन'चा पहिला अल्बम १९७३ मध्ये आला. त्याच्या वेष्टणावर एक आगळी नोंद होती. या ध्वनिमुद्रणात कोणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही, अशा अर्थाची ती ग्वाही होती. पुढच्याही काही अल्बमांवर ती पुन्हा छापण्यात आली. त्यामागे कारण होते. ब्रायन मे आपल्या वडिलांच्या मदतीने घरी बनवलेल्या गिटारवर एकेक सुरावट वाजवे आणि त्यांचे थरावर थर चढवून व्हायोलिनचा, तुतारीचा भास निर्माण करी. ऐकणाऱ्यांना तो यंत्राचा चमत्कार वाटे. आपल्या मेहनतीचे श्रेय यंत्राला जाऊ नये, अशी बँडची रास्त इच्छा होती. त्या काळी सिंथेसायझर हे रॉक संगीतात नवे नवलाईचे वाद्य होते. विजेच्या लहरींना हवा तसा आकार देऊन त्यातून ध्वनी घडवणारे हे यंत्र कष्टावाचून परिणाम साधून देते, अशी अनेकांची समजूत होती.

या कष्टांची परिसीमा म्हणजे १९७५ चे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. जवळपास सहा मिनिटांच्या या गाण्याच्या मध्यभागी फ्रेडीने छोटेखानी ऑपेराच रचला. ऐकताना वाटते की शंभर जणांचा गायकवृंद गात आहे. प्रत्यक्षात ते फ्रेडी, मे आणि टेलर या तिघांचेच आवाज. त्यांनी एकेक ओळ पुन्हा पुन्हा गाऊन आवाजांचे सुमारे १८० थर रचले. ध्वनिफीत इतक्या वेळा यंत्रातून फिरली की तिच्यावरील चुंबकीय लेप झिजून ती जवळजवळ पारदर्शक झाली. हे गाणे ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ऑपेराविषयी फ्रेडीला असलेली ओढ जगाला प्रथम दिसली ती येथे. अर्थात तो ऑपेरा रॉकच्या अंगणातला होता. प्रत्यक्ष ऑपेराच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवायला त्याला आणखी बारा वर्षे लागली.

दरम्यान काळ बदलला आणि 'क्वीन'ची प्रतिज्ञाही सुटली. १९८० च्या 'द गेम' या अल्बमात बँडने प्रथमच सिंथेसायझर वापरला. ते यंत्र रॉजर टेलरने आणले होते. १९८२ चा 'हॉट स्पेस' तर नृत्यगृहांच्या तालावर आणि यांत्रिक ध्वनींवर इतका बेतलेला होता की जुने चाहते नाराज झाले. फ्रेडीला त्याची फारशी खंत नव्हती. म्युनिचमधील वास्तव्यात तेथील नृत्यसंगीताची त्याला गोडी लागली होती. तेथेच त्याने आपला पहिला स्वतंत्र अल्बम 'मिस्टर बॅड गाय' घडवला. एप्रिल १९८५ मध्ये आलेला हा अल्बम ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत पोचला, तरी 'क्वीन'च्या यशापुढे तो फिकाच होता. त्यानंतर अडीच महिन्यांनी वेम्ब्लीवर 'लाइव्ह एड' झाले. तेथील वीस-एकवीस मिनिटांनी फ्रेडीला पुन्हा शिखरावर नेले. ऑगस्ट १९८६ मध्ये नेबवर्थ येथे तो 'क्वीन'सह शेवटचा गायला.

काबाये यांच्याशी त्याचा परिचय झाला तो श्रोता म्हणून. १९८३ मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये व्हर्दीच्या 'उन बालो इन मास्केरा'चा प्रयोग पाहायला तो गेला होता. त्याचे आकर्षण होते पावारोत्ती. परंतु नायिकेच्या भूमिकेतील काबाये गाऊ लागल्या आणि फ्रेडीचे लक्ष पावारोत्तींवरून उडाले. वरच्या पट्टीत अगदी हलक्या आवाजात, दीर्घ श्वासावर तरंगत ठेवलेला सूर ही काबाये यांची खासियत होती. हा आवाज त्याच्या मनात घर करून राहिला. १९८६ मध्ये स्पेनमधील एका दूरचित्रवाणी मुलाखतीत त्याने ही भक्ती उघडपणे बोलून दाखवली आणि ती गोष्ट काबाये यांच्यापर्यंत पोचली. त्याच वर्षी १९९२ चे ऑलिंपिक बार्सिलोनाला बहाल झाले होते.

मार्च १९८७ मध्ये बार्सिलोनातील रिट्झ हॉटेलात दोघांची भेट ठरली. हजारोंच्या गर्दीला एका हाताच्या इशाऱ्यावर नाचवणारा फ्रेडी त्या दिवशी परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यासारखा अस्वस्थ होता. त्याने सोबत काही ध्वनिफिती नेल्या होत्या. त्यांत शब्दांवाचून केवळ स्वरांवर गायलेली एक रचना होती. तिच्यात त्याने आपला आवाज कृत्रिमपणे उंचावून काबाये यांच्या ढंगात गाण्याचा प्रयत्न केला होता. आपली नक्कल ऐकून एखादी थोर गायिका रागावली असती. काबाये यांना ती रचना इतकी आवडली की काही दिवसांतच, २९ मार्च रोजी, लंडनच्या त्याच ऑपेरागृहातील आपल्या मैफलीत त्यांनी ती गायली. पियानोच्या साथीला होता माइक मोरन, फ्रेडीचा या अल्बममधील सहकारी. त्या रात्री मैफलीनंतर काबाये फ्रेडीच्या केन्सिंग्टनमधील घरी आल्या आणि पहाटेपर्यंत तिघांचे गाणे-वाजवणे रंगले. फ्रेडीच्या मनात एखादे युगुलगीत होते. काबाये यांनी रॉकच्या अल्बमात साधारण किती गाणी असतात, याची चौकशी केली आणि मग संपूर्ण अल्बमच करू, असे सुचवले.

नियतीचा क्रूर योगायोग असा की त्याच सुमारास फ्रेडीच्या आजाराचे निदान झाले. त्याच्या निकटवर्तीयांच्या सांगण्यानुसार १९८७ च्या एप्रिलमध्ये त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे स्पष्ट झाले. त्या काळी या रोगावर परिणामकारक उपचार नव्हते. निदान म्हणजे जवळजवळ शिक्षाच समजली जाई आणि समाजाची नजर त्याहून कठोर असे. फ्रेडीने ही गोष्ट अगदी मोजक्या लोकांपुरती ठेवली. आयुष्यातील सर्वांत मोठे स्वप्न हाती येणे आणि आयुष्याचीच मुदत कळणे, या दोन्ही गोष्टी अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने घडल्या.

अल्बमचे काम दीड वर्ष चालले. काबाये यांचे कार्यक्रम फार आधीपासून ठरलेले असत. त्यामुळे दोघांना एकत्र बसायला वेळ क्वचितच मिळे. यावर तोडगा निघाला तो फ्रेडीच्या गळ्यातून. मोरन आणि तो लंडनच्या स्टुडिओत गाणे बांधत. मग फ्रेडी स्वतःचा भाग तर गाईच, शिवाय काबाये यांचा भागही चढ्या पट्टीत नमुना म्हणून गाऊन ठेवी. ती फीत काबाये यांच्याकडे जाई. त्या ती ऐकून तयारी करत आणि सवड मिळताच येऊन त्या नमुन्याच्या जागी आपला आवाज भरत. अशा रीतीने फ्रेडीने हा अल्बम आधी दोन्ही आवाजांत एकट्याने गाऊन काढला होता, असे म्हणता येईल.

वाद्यवृंदाची जागा घेतली ती मोरनच्या कीबोर्डने. शीर्षकगीतात मोजकी खरी व्हायोलिन, चेलो, हॉर्न आणि तालवाद्ये आहेत. परंतु एकूण अल्बमातील व्हायोलिनचे ताफे, तुताऱ्या, बासऱ्या यांचा मोठा भाग सिंथेसायझरवर वाजवलेला आहे. या पद्धतीचा फायदा उघड होता. पूर्ण वाद्यवृंद बोलवायचा तर प्रत्येक वादकासाठी स्वरलिपी आधी लिहून तयार हवी आणि ध्वनिमुद्रणाच्या दिवशी बदलाला वाव फार थोडा. फ्रेडी स्वरलिपीवर काम करणारा संगीतकार नव्हता. तो पियानोवर बसून, गाऊन, मोडून, पुन्हा जोडून रचना करी. सिंथेसायझरवर मध्यरात्री सुचलेला बदल त्याच क्षणी ऐकता येई. एकेकाळी ज्या यंत्राला त्याच्या बँडने वेष्टणावर जाहीर नकार दिला होता, त्याच यंत्राने त्याला मनातला वाद्यवृंद हाताशी आणून दिला.

गाण्यांचे स्वरूपही एकसुरी नव्हते. 'ला जापोनेझ' या गाण्यात जपानी शब्द आणि जपानी वळणाच्या सुरावटी आहेत. फ्रेडीच्या जपानप्रेमाची ती खूण म्हणायला हवी. 'द फॉलन प्रीस्ट' आणि 'द गोल्डन बॉय' यांच्या शब्दांत 'एव्हिता'चा गीतकार टिम राइस याचा सहभाग होता. दुसऱ्यात तर ऑपेराच्या शेजारी कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल गायन येऊन बसते. रिट्झमध्ये ऐकवलेल्या त्या शब्दरहित रचनेला काबाये यांनी स्पॅनिश शब्द दिले आणि ती 'एन्सुएन्यो' झाली. 'हाऊ कॅन आय गो ऑन' या गाण्यात 'क्वीन'चा जॉन डीकन बेस वाजवतो. आधाराची याचना करणारे हे गाणे फ्रेडीचा आजार ठाऊक असलेल्यांना पुढे निराळेच ऐकू येऊ लागले.

शीर्षकगीत ऑक्टोबर १९८७ मध्येच स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकावर पोचले. वर्षभराने आलेल्या पूर्ण अल्बमला मात्र पंचविसाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. रॉकच्या श्रोत्याला तो फार ऑपेरा वाटला, ऑपेराच्या श्रोत्याला तो पुरेसा ऑपेरा वाटला नाही. त्या श्रोत्यांची तक्रार सर्वस्वी अनाठायी नव्हती. काबाये यांच्यासारखा आवाज जेव्हा पूर्ण ताकदीने उघडतो, तेव्हा त्याच्या पाठीशी असलेली यंत्राची व्हायोलिन पातळ वाटतात. खऱ्या तारेवर गज फिरताना होणारा सूक्ष्म कंप त्यांत नाही. काही ठिकाणी यंत्राच्या तालाने ऐंशीच्या दशकाचा ठसा इतका स्पष्ट उमटला आहे की कालातीत होऊ पाहणारे गाणे एका विशिष्ट वर्षात अडकून पडते. हा दोष मान्य करूनही दोन आवाजांच्या भेटीतील आनंद उणावत नाही. काबाये फ्रेडीच्या पातळीवर उतरत नाहीत आणि फ्रेडी ऑपेरा गायक असल्याचा आव आणत नाही. दोघे आपापल्या घराण्यात राहून एकमेकांना दाद देतात.

१९८८ नंतर फ्रेडी रंगमंचावरून दूर झाला, स्टुडिओतून नाही. 'बार्सिलोना'च्या काळात मोरनबरोबर सुरू झालेली एक रचना 'ऑल गॉड्स पीपल' या नावाने 'क्वीन'च्या १९९१ च्या 'इन्युएंडो' अल्बमात आली. शरीर खंगत असतानाही तो जमेल तेव्हा गात राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने निवेदन काढून आपल्या आजाराची जाहीर कबुली दिली आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, लंडनच्या राहत्या घरी त्याचा मृत्यू झाला. ज्या धर्माविषयी तो चारचौघांत फारसे बोलत नसे, त्याच पारशी धर्माच्या विधींनुसार त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले.

आठ महिन्यांनी बार्सिलोनात ऑलिंपिक भरले. ज्या शहरासाठी गाणे रचले, त्या शहराचा सोहळा पाहायला फ्रेडी नव्हता. पण गाणे होते. बीबीसीने आपल्या ऑलिंपिक प्रक्षेपणासाठी ते निवडले आणि पुन्हा प्रसिद्ध झालेले 'बार्सिलोना' ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचले. पहिल्या वेळी मिळाले त्याहून कितीतरी मोठे हे यश होते. मे १९९९ मध्ये त्याच शहरातील काम्प नोऊ मैदानावर युरोपीय चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. त्यापूर्वी काबाये यांनी ते गाणे पुन्हा गायले. त्या प्रत्यक्ष गात होत्या आणि फ्रेडी पडद्यावरून साथ देत होता.

मोरनच्या कीबोर्डवर वाजलेला तो वाद्यवृंद प्रत्यक्ष बसला तो २०१२ मध्ये, गाणे प्रथम आले त्यानंतर २५ वर्षांनी. संगीतकार स्टुअर्ट मॉर्ली याने संपूर्ण अल्बम पुन्हा वाद्यवृंदासाठी लिहिला. सिंथेसायझरचे सूर बाजूला काढण्यात आले आणि प्रागच्या ८० वादकांच्या वाद्यवृंदाने प्रत्येक जागा खऱ्या वाद्यांवर वाजवली. 'ला जापोनेझ'मध्ये अस्सल जपानी कोतो आले. आवाज मात्र तेच ठेवण्यात आले. एरवी गायक वाद्यवृंदाच्या लयीशी जुळवून घेतो. येथे ८० वादकांना दोन तपांपूर्वी मुद्रित झालेल्या गळ्यांच्या श्वासाशी, थांबण्याशी आणि हेलकाव्याशी जुळवून घ्यावे लागले.

नवी आवृत्ती अधिक भरदार आहे, यात शंका नाही. तथापि जुनी आवृत्ती निरुपयोगी ठरली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मॉर्लीला लिहायला जे मिळाले, ते सारे मोरनच्या बोटांखाली आधीच वाजून गेले होते. सिंथेसायझर नसता, तर मोजक्या उरलेल्या वर्षांत फ्रेडीच्या डोक्यातील हे संगीत कोणाला ऐकूच आले नसते. काबाये यांचे ऑक्टोबर २०१८ मध्ये बार्सिलोना येथे निधन झाले. पाचगणीच्या शाळेत जादा फी भरून पियानो शिकलेल्या मुलाचा आणि त्यांचा तो एकत्र सूर आता दोन रूपांत उपलब्ध आहे. एकात साथीला यंत्र आहे, दुसऱ्यात ८० माणसे. दोन्हींत गाणारे गळे मात्र तेच, १९८७-८८ मधले.